तळ्याला उजव्या हाताला ठेवून

डावा

संध्याकाळी पाच वाजता मी दुकानाला कुलूप लावलं. शेजारच्या सलूनमधला न्हावी हातातला वस्तरा तसाच घेऊन बाहेर आला. त्याने कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. फिरायला चाललोय."

"मग तुझंच काहीतरी दिसतंय," तो म्हणाला आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाकडे परत गेला.

उजवा

आधी हे सांगून टाकतो. माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड बोट आखूड आहे. लहानपणी ताप आला, त्यात तो मागे राहिला आणि उजवा आपला वाढत गेला. त्यामुळे मी काहीही करायला घेतलं की डावी बाजू कमी भरते. इथेही तेच होईल. डावीकडे त्या एका संध्याकाळचं येईल, उजवीकडे त्याच्या आधीचं सगळं.

मी जोडे दुरुस्त करतो. पूर्वी नवेही करायचो, पण आता माप देऊन जोडे करून घेण्याइतका वेळ कुणाच्या पायांना नाही. दुकान आठ फूट बाय सहा फूट. भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले आहेत, एकेका गिऱ्हाइकाच्या पावलाच्या मापाचे. त्यातली निम्मी माणसं गेली. पाय अजून भिंतीवर आहेत. न्हावी म्हणतो, गावातली डोकी माझ्या ताब्यात, पाय तुझ्या ताब्यात, आणि मधलं सगळं शिंप्याचं.

मला एकच विद्या येते. जोडा उलटा करून माणूस ओळखायचा. चवड्याखाली भोक पडलेलं असेल तर बाई शिलाई मशीन चालवते. डाव्या जोड्याच्या वरच्या अंगाला काळा डाग असेल तर मोटारसायकलचा गिअर. एकदा न्हाव्याने पैज लावली आणि कुठूनतरी एका परक्या माणसाचे जोडे आणून समोर टाकले. मी म्हणालो, हा माणूस उजव्या खांद्यावर जड पिशवी घेऊन घरोघर जिने चढतो. तो निघाला गॅसची शेगडी दुरुस्त करणारा. पिशवी उजव्या खांद्यावर. ती फुशारकी मी पुढची कित्येक वर्षं पुरवून पुरवून खाल्ली.

सगळ्यांचे जोडे वाचले. एक जोड सोडून. तो बायकोचा.

डावा

रस्त्यावरून जाताना मी खाली बघत होतो. माझ्या डाव्या जोड्याला जाड सोल आहे, थरावर थर चिकटवलेला, मीच केलेला. तो उचलायला जड आणि टेकताना वेगळा वाजतो. टप, धप. टप, धप. पँट मी लांब शिवून घेतो, म्हणजे सोल झाकला जातो. आवाज झाकता येत नाही.

मागून येणारी दोन माणसं मला ओलांडून गेली. त्यांनी वळून पाहिलं नाही. मला मात्र वाटलं की न वळण्यासाठी त्यांना प्रयत्न करावा लागला.

उजवा

ती पोस्टात होती. टपाल वेगळं करायचं काम, दिवसभर उभ्याने, भिंतीभर कप्पे आणि हातात पत्रांचा गठ्ठा. पाचला सुटली की ती सरळ घरी येत नसे. गावाच्या टोकाला तळं आहे, त्याला एक चक्कर मारायची आणि मग घर. वीस वर्षं. साडेसहाला दारात यायची तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

जाताना ती दुकानावरून जायची. पायरीशी थांबायची आणि म्हणायची, "चला की. एक जागा दाखवायचीय."

मी म्हणायचो, "एवढा जोड संपवतो."

तो जोड कधी संपलाच नाही. तिलाही ते माहीत होतं. ती क्षणभर थांबायची, मग न्हाव्याला विचारायची, तुम्ही तरी येता का, आणि न्हावी म्हणायचा, वहिनी, माझं गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं आहे. मग ती हसून एकटीच जायची.

काम हे निमित्त होतं. संध्याकाळी रस्त्यावर माणसं असतात, पोरं असतात, पोरं मागून चालीची नक्कल करतात. दुकानात मी बसलेला असतो. बसलेल्या माणसाचे दोन्ही पाय सारखेच.

हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिला विचारायची सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आम्ही फोटो काढायला गेलो होतो. फोटोवाला म्हणाला, दोघं उभे राहा. ती त्याला हळूच म्हणाली, यांना बसू द्या. एवढंच. मी फोटो काढला नाही आणि आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी ती रडली नाही, रागावली नाही, काहीच नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरात माझ्या पायाचा विषय निघाला नाही. मुलगी मोठी झाली, तिलाही कुणी न सांगता कळलं की बाबांचा पाय हा विषय नाही.

तळ्यावर तिला काय दाखवायचं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं पक्षी-बिक्षी असेल.

डावा

तळ्याच्या फाटकाशी एक रोलर उभा होता, झाकण टाकून. वाटेच्या कडेने चुन्याची रेघ आणि बारीक खुंट्या मारलेल्या. उद्या काम सुरू.

घरून निघताना बायकोने दोनदा बजावलं होतं: तळ्याला उजव्या हाताला ठेवून फिरा, उलट फिरू नका. आणि त्रास झाला तर जोडे काढा.

मी विचारलं होतं, "का?"

"जाऊन या," ती म्हणाली होती. "मग विचारा."

उजवा

पेपरात बातमी तिनेच वाचली. तळ्याची वाट चालायला वाकडी पडते म्हणून लोकांच्या तक्रारी होत्या. आता ती खणून सपाट करणार, फरशी बसवणार, दिवे लावणार. चांगलीच गोष्ट. तिने पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, आज जा. माझ्यासाठी जा. मी आता येऊ शकत नाही, तुम्ही तरी जा.

ती येऊ शकत नाही कारण तिचा उजवा गुडघा गेला. दोन वर्षांपासून ती घरातच आहे. खिडकीशी खुर्ची, पायाखाली स्टूल.

आणि आता जोड्यांचं सांगायला हवं.

माणसाचे दोन जोडे आरशासारखे झिजतात. डाव्याची बाहेरची कड झिजत असेल तर उजव्याचीही बाहेरचीच. तिचे तसे नव्हते. तिच्या डाव्या जोड्याची बाहेरची कड झिजायची आणि उजव्याची आतली. म्हणजे दोन्ही जोडे डावीकडून झिजलेले. मी दरवर्षी सोल बदलायचो, वर्षाने परत तेच. वीस वर्षांत माझ्या दुकानात दुसरा असा जोड आला नाही.

दुसऱ्या कुणाचा असता तर मी विचारलं असतं, तुम्ही जाता कुठे? बायकोचा होता, म्हणून विचारलं नाही. ती कुठे जाते हे मला माहीत होतं. मी ठरवून टाकलं की हिची चाल बिघडली आहे, पोस्टात एका अंगावर रेलून उभी राहते त्याचा परिणाम. बारा वर्षांपूर्वी मी उपाय सुरू केला. सोल लावताना दोन्ही जोड्यांच्या उजव्या कडेखाली चामड्याची एक जास्तीची पट्टी घातली, म्हणजे भार त्या कडेवर यावा. डावी कड झिजतच राहिली, दोन-तीन वर्षांनी मी दुसरी पट्टी घातली. मग तिसरी. मग चौथी. प्रत्येक वेळी सोलच्या खाचेत तांबडी माती अडकलेली असायची. ती मी चामडं कापायच्या रापीने खरवडून काढायचो आणि फुंकून टाकायचो.

तिने एकदा सांगितलं होतं, हे जोडे पोस्टाच्या फरशीवर कलल्यासारखे वाटतात. मी म्हणालो, सवय होईल. आमच्या धंद्यात हे वाक्य खिळ्यांइतकं लागतं. मी सात वर्षांचा असताना पहिला जाड सोल मिळाला, तेव्हा तो करणारा म्हातारा मला हेच म्हणाला होता. मी हजार जणांना म्हणालो असेन.

गुडघ्याचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, एकाच बाजूने झिजलाय, वजन बरीच वर्षं एकीकडे पडलेलं दिसतंय. मी लगेच पुढे सरसावलो. म्हणालो, तिची चाल पहिल्यापासून वाकडी, मी जोड्यांत पट्टी देत आलोय. डॉक्टर लिहीत होते. त्यांनी मान हलवली. मला ती शाबासकी वाटली.

डावा

वाट उताराच्या अंगावर कोरलेली आहे. डाव्या हाताला झाडांचा उंचवटा, उजव्या हाताला पाणी, आणि मधली वाट पाण्याकडे कललेली. दहा पावलांतच माझी कंबर बोलायला लागली. जाड सोलाचा पाय वरच्या बाजूला आलेला. तो टेकला की मी आख्खा पाण्याकडे ढकलला जायचो. ही जागा दाखवायची होती? मला राग आला. लंगड्या माणसाला मुद्दाम तिरप्या वाटेवर पाठवायचं म्हणजे काय.

एका दगडावर बसलो. परत जावं असं ठरवलं. मग तिचं ते दुसरं बजावणं आठवलं. नाड्या सोडल्या, जोडे एकमेकांना बांधले आणि खांद्यावर टाकले. अनवाणी बाहेर चालल्याला मला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. माती उन्हाने अजून कोमट होती. तांबडी, बारीक, वर पालापाचोळा.

मी चालायला लागलो आणि वीसेक पावलांनंतर थांबलो. काहीतरी कमी झालं होतं. कान देऊन पाहिलं. टिटवी ओरडत होती, लव्हाळ्यात पाणकोंबड्या खुडबुडत होत्या, झाडात वारा होता. ते सगळं होतं. नव्हतं ते टप-धप.

पुन्हा चाललो. टप, टप, टप. एकसारखं.

मी चालतो तेव्हा समोरचं जग खालीवर होतं. घरं, माणसं, दिव्यांचे खांब, सगळं प्रत्येक पावलाला थोडं बुडतं आणि वर येतं. लहानपणापासून तसंच आहे, म्हणून मला वाटायचं की सगळ्यांना तसंच दिसत असणार. त्या वाटेवर पलीकडच्या काठाची रेघ हलेना. मी चालतोय आणि पाणी स्थिर. उन्हाचा पट्टा स्थिर. एक चतुर माझ्यासोबत लव्हाळ्याच्या शेंड्यांवरून उडत होता, तो खाली गेला तर तो स्वतः गेला, माझ्यामुळे नाही. खांदे सारख्या उंचीला होते. हात आपोआप हलत होते, दोन्ही सारखे. मला माझे हात हलतात हे ठाऊकच नव्हतं, एक हात कायम मांडीवर दाबलेला असायचा.

कितीतरी वेळ मी काहीच विचार केला नाही. ऊन झाडांमागे गेलं, पाण्याचा रंग शिशासारखा झाला, चिलटांचा ढग तोंडावर आला आणि गेला. चिखलाचा आणि ओल्या गवताचा वास. एक बगळा अर्ध्या फुटाच्या पाण्यात एका पायावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी मला कळलं की फिरायला जाणं म्हणजे काय असतं.

उजवा

इथे आता उजवी बाजूही त्याच संध्याकाळची आहे. त्या वाटेवर दोन्ही सारखेच होते.

काठाला एके ठिकाणी झरा झिरपतो आणि वाट ओली आहे. ती ओलांडून मी मागे वळून पाहिलं, सरळ चाललेल्या माणसाचे ठसे कसे दिसतात ते बघायला. माझेच ठसे. छान, सारख्या अंतरावर.

मग सवयीने ते वाचले.

डाव्या पावलाची बाहेरची कड खोल रुतलेली होती. उजव्याची आतली. दोन्ही ठसे डावीकडून खोल.

मी उकिडवा बसलो आणि बोटाने त्या कडा चाचपल्या. खात्री करायची गरज नव्हती. कलत्या जमिनीवर चढाकडची कड आधी टेकते, जास्त रुतते. जोडा असेल तर झिजते. रोज, एकाच दिशेने, तळ्याला उजव्या हाताला ठेवून चालणारं माणूस असेल तर दोन्ही जोडे डावीकडून झिजतात. यात चाल बिघडण्याचा काही संबंध नाही. धंद्यात आठ दिवस काढलेल्या माणसानेही ओळखलं असतं. परक्याच्या जोड्यावरून मी पिशवीचा खांदा सांगितला होता. माझ्या घरातल्या जोड्यांना तांबडी माती लागून यायची आणि मी ती फुंकून टाकत होतो.

ती सरळ चालत होती. वाट तिरपी होती. आणि मी तिचे जोडे त्या वाटेच्या मापाचे करून तिला रोज आठ तास पोस्टाच्या सपाट फरशीवर उभी करत होतो. एक पट्टी, दोन, तीन, चार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन बरीच वर्षं एकीकडे पडलेलं दिसतंय. त्यांना मी उत्तरही दिलं होतं.

परत फिरावंसं वाटलं. पण उलट फिरलो असतो तर आखूड पाय उताराकडे आला असता आणि प्रत्येक पाऊल दुप्पट लंगडं पडलं असतं. त्या वाटेवर पुढेच जाता येतं. उरलेलं अर्धं तळं मी चाललो, तितक्याच सरळ, तितक्याच हलक्या पावलांनी, आणि पाणी तितकंच शांत होतं. त्याला काय त्याचं. मी मनात वाक्य जुळवत होतो. तिला काय सांगायचं, कुठून सुरू करायचं. गुडघा मी घालवला. एवढं तीन शब्दांचं वाक्य, पण फाटकाशी येईपर्यंत ते मी पन्नास वेळा सोडून पुन्हा शिवलं.

फाटकाशी जोडे चढवले. टप, धप.

दोन्ही

ती खिडकीशी होती. दिवा लावला नव्हता. मी जोडे काढून आत आलो तेव्हा तिने आधी माझ्या पावलांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत तांबडी माती होती.

"काढलेत जोडे," ती म्हणाली. तिने विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मी तिच्या समोर जमिनीवर बसलो. वाक्य तोंडाशी होतं. पण तिला आधी सगळं ऐकायचं होतं. दगड तसाच आहे का, झरा वाहतो का, पाण्यावर वाकलेलं ते झाड अजून आहे का. मी सांगत गेलो. झाडाचं मला आठवेना, तर म्हणाली, वा, सगळ्या तळ्यात एवढं एकच झाड पाण्यात तोंड बघतं आणि तुम्हाला दिसलं नाही, तुम्ही खालीच बघत चालला असणार. मग तिने ते सांगितलं, जे तिने बावीस वर्षं राखून ठेवलं होतं.

एकदा पोस्टातून येताना तिच्या डाव्या चपलेची टाच निघाली. टाच पर्समध्ये टाकून ती लंगडत निघाली. रस्त्यावर लोक बघायला लागले म्हणून तळ्याच्या आडवाटेने गेली. आणि त्या वाटेवर तिचं लंगडणं थांबलं. तिला आधी काही समजेना. मग ती थांबली, तिने एकदा उलट चालून पाहिलं, पुन्हा पुढे चालली. आणि तिथेच उभी राहून तिने ठरवलं की मला इथे आणायचं.

"पण सांगणार कसं?" ती म्हणाली. "सांगायचं म्हणजे पायाचं नाव काढावं लागणार. म्हटलं, नुसतं आणावं. पाय टेकले की कळेल."

ती टाच मला आठवली. मीच लावून दिली होती. चार खिळे आणि सोल्युशन.

मी म्हणालो, "अगं, मला तुला एक सांगायचंय."

"थांबा, माझं संपू दे." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दहा वर्षं मी 'चला, चला' करत राहिले. मग त्या वर्षी तुम्ही जोड्याला पट्टी लावलीत. उजव्या कडेला. दुसऱ्या दिवशी मी ते घालून तळ्यावर गेले, तर काय सांगू, पाऊल असं सरळ बसलं. त्या वाटेसाठीच बनवल्यासारखं. मी त्या दगडावर बसले आणि हसत सुटले. म्हटलं, बघा, कळलंय ह्यांना. सोल वाचून सगळं कळलंय. तोंडाने काही बोलायचे नाहीत, यायचे तर नाहीतच, पण मी कुठे चालते ते कळलंय आणि त्याप्रमाणे जोडे करून दिलेत." ती माझ्याकडे बघत होती. अंधारात मला तिचे डोळे नीट दिसत नव्हते, हे बरंच होतं. "त्यानंतर मी तुम्हाला कधी 'चला' म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. खरंच. बारा वर्षांपूर्वी तिने दुकानाच्या पायरीशी थांबणं बंद केलं होतं. नुसता हात करून पुढे जायची. मला वाटलं होतं, कंटाळली.

"नाही," मी म्हणालो.

"कशाला म्हणू? तुम्ही होतातच बरोबर. दोन-तीन वर्षांनी एक पट्टी वाढायची, मला वाटायचं आणखी जवळ आलात. पोस्टात उभं राहायला अवघड जायचं. पण म्हटलं, सवय होईल. तासाभरासाठी दिवसभर चालवून घ्यायचं."

तोंडाशी आलेलं वाक्य मी तसंच धरून बसलो. गुडघा मी घालवला, असं म्हणायचं तर पुढचं सगळं म्हणावं लागणार. की मला काही कळलं नव्हतं. की तुला मी वाकडी समजत होतो. की त्या पट्ट्या म्हणजे दुरुस्ती होती, तुझी. माफी मागायची तर तिची ती दहा वर्षं हातातून काढून घ्यावी लागणार होती, आणि त्या वाटेवर दहा वर्षं तिच्या बरोबर चाललेला माणूसही. तो माणूस माझ्यापेक्षा बरा होता. त्याला मारून मी हलका झालो असतो.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

"एक मात्र मी कधी विचारलं नाही," ती म्हणाली. "आज विचारते. कळलं होतं, तर मग आला का नाहीत? एकदा तरी?"

कळलंच नव्हतं, एवढं म्हटलं की या प्रश्नातून सुटका होती. मला ती घेता येत नव्हती.

"लाज वाटायची," मी म्हणालो.

ती म्हणाली, "कुणाची? तिथे तर बगळे असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोलरचा आवाज सुरू झाला. आमच्या खिडकीतून तळं दिसत नाही, पण आवाज येतो. मी दुकानात जायच्या आधी तिचा शेवटचा जोड कपाटातून काढला. म्हणालो, याच्या पट्ट्या काढून सपाट करून देतो, दारापर्यंत चालायला बरं पडेल. रापी हातात घेतली होती.

"त्याला हात लावू नका," ती म्हणाली. "दुसरा करा हवा तर."

मी तो परत ठेवला. चार थर, आणि खाचेत दोन वर्षांपूर्वीची माती, या वेळी न खरवडलेली.

मग तिला आवाज जवळून ऐकायचा होता म्हणून आम्ही मागच्या दाराकडे निघालो. चौदा पावलं असतील. ती आता उजवीकडे झुकते, मी अनवाणी असलो की डावीकडे. ती सवयीने माझ्या उजव्या बाजूला आली, आणि पहिल्याच पावलाला आम्ही दोघं दोन दिशांना गेलो. मी तिला फिरवून डावीकडे घेतलं. आता मी झुकलो की तिच्यावर, आणि ती झुकली की माझ्यावर. तसे गेलो. पावलं सारखी पडत नव्हती. मी खाली बघत होतो, तर ती म्हणाली, वर बघा.

दारात उभं राहून तिने किती वेळ ऐकलं मी मोजलं नाही. रोलर पुढे जायचा, थांबायचा, मागे यायचा. तो उलटाही फिरत होता.